डोळ्यात गोठलेला मध

नळदुर्गच्या स्टँडवर हैद्राबादची गाडी लागली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, खांद्यावरच्या पिशवीतून क्वार्टरची बाटली काढली. हायवेवरच्या ढाब्यामागं सापडलेली, राखेनं घासून धुतलेली. आत काळपट मध आणि तोंडाला बुचाऐवजी चिंधीचा बोळा. स्टँडवर पंधरा-वीस माणसं उभी, त्यातली निम्मी ओळखीची. मी तेवीस वर्षांची, एम. एस्सी. झालेली, औषधांच्या कंपनीत पहिली नोकरी लागलेली, आणि बाप सगळ्यांसमोर माझ्या हातात दारूची बाटली देतोय. "हैद्राबादचं पाणी जड हाय. रोज सकाळी थोडा चाट. चमचा लावू नको, चमच्यानं गुण जातो," अण्णा म्हणाले. आई शेजारी उभी होती. तिला एकाच डोळ्यानं दिसतं, त्यामुळं माझ्याकडं आणि गाडीकडं बघायला तिला सारखी मान फिरवावी लागत होती. मी बाटली बॅगेत कोंबली आणि चढले.

हुमनाबादच्या पुढं बोळा सुटला. सर्टिफिकेटं, दोन ड्रेस, कंपनीचं पत्र, सगळं चिकट. झहिराबादला गाडी थांबली तेव्हा बॅगेला मुंग्या लागल्या होत्या. त्या मुंग्या गाडीत कुठून आल्या देव जाणे, बहुतेक गावापासूनच सोबत होत्या. हॉस्टेलवर पोचल्या पोचल्या मी ती बाटली कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुतले. पुन्हा धुतले. आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला, मध चाटायलीस का? मी म्हणाले, व्हय अण्णा, रोज. पुढची चौदा वर्षं मी हेच सांगत आले. दर दिवाळीला नवी बाटली घेतली आणि दर दिवाळीनंतर ती टाकली.

गावाकडच्या माणसांनो, तुम्हाला राग येईल. आणि माझ्यासारखे गाडी धरून गेलेले जे आहेत, त्यांना जास्त येईल, कारण गावाची आठवण काढून डोळे पुसायची सवय आपल्यालाच जास्त असते. मीही प्रयत्न केला. पण मला गावची आठवण आली की तोंडात पहिल्यांदा आंबूस पाणी सुटतं आणि नाकात धुराचा आणि कुजक्या मेणाचा वास येतो. ती किळस आहे, दुसरं काही नाही. ती कुठून आली हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

अण्णा ग्रामपंचायतीत शिपाई होते. गाव अणदूरपासून आत, एसटी दिवसातून दोनदा. पण अण्णांना शिपाई म्हणून कुणी विचारत नसे. लोक यायचे ते मधासाठी. कुठं मोहोळ दिसलं की अण्णा शेणाची गोवरी पेटवून धूर करायचे, पोळं काढायचे, जुन्या धोतराच्या फडक्यात घालून पिळायचे. फडक्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी एका बाजूला पीळ द्यायची, ते दुसऱ्या. पहिल्यांदा मध यायचा. मग पोळ्यातल्या अळ्या फुटायच्या आणि मधाबरोबर पांढरं पाणी गळायला लागायचं. ते थेट भांड्यात. मी तोंड फिरवलं की अण्णा म्हणायचे, "आगं ते मधाचं दूध हाय. खरी ताकद त्यात." हे दूध सगळ्या गावानं खाल्लं आहे. तुमच्यापैकी ज्यांनी माझ्या अण्णांचा मध चाटला आहे, त्यांनीही.

आणि चाटला नाही असा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. खोकला आला, कांद्याचा रस आणि मध. उचकी थांबेना, मोरपीस जाळून त्याची राख मधात. गळू आलं, चुना आणि मध कालवून वर थापायचा, तो हातावर घेतला की चटका बसेल इतका तापतो. भाजलं, मध. तोंड आलं, मध. बाळ जन्मलं, मध. अण्णांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही, कारण विकला की गुण जातो म्हणे. चमच्यानं जातो, विकून जातो, आणि पाण्यानं तर जातोच जातो. बोट ओलं असेल तर मध नासतो, हे अण्णांचं ठाम मत. त्यात खोटं काही नाही, मधात पाणी गेलं की तो खरंच आंबतो. म्हणून आमच्याकडं मधात घालायचं बोट कधी धुवायचं नाही. कोरडं पुसायचं आणि बुडवायचं. अख्ख्या गावाला एकच बाटली आणि एकच पुसलेलं बोट.

हे सगळं मला तेव्हा ओंगळ वाटायचं, पण कुठल्या लहान पोरीला घरातलं काही ना काही ओंगळ वाटत नाही? त्याची किळस झाली ती हैद्राबादला. कंपनीत माझं काम जंतूंचं. औषध जिथं भरतात त्या खोलीत जायचं तर अंगभर पांढरा गाऊन, डोक्याला हूड, दोन जोड हातमोजे. बाहेर पडताना पाची बोटं एका प्लेटमधल्या जेलीवर टेकवायची, मग ती प्लेट तीन-चार दिवस उबेत ठेवून बघायची, काही उगवलं का. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मॅडमनं सगळ्यांना न धुतलेली बोटं टेकवायला सांगितली होती. चार दिवसांनी प्लेटा काढल्या. प्रत्येक बोटाच्या जागी ठिपके, पिवळे, पांढरे, एकावर तर बुरशीचा चक्क कापूस. बाकीची पोरं हसत होती, एकमेकांच्या प्लेटांचे फोटो काढत होती. मी माझ्या प्लेटकडं बघितलं. अनामिकेच्या जागी पांढरा गोल ठिपका होता. मी वॉशरूममध्ये जाऊन ओकले. मैत्रिणींना वाटलं कँटीनचा पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, बाधला.

तो पांढरा ठिपका मी आधी बघितला होता, आईच्या डोळ्यात.

मी सातवीत होते. ज्वारीची काढणी चालू होती, सकाळी अंगावर शाल लागायची. ज्वारी उपटताना धाटाचं पान आईच्या डाव्या डोळ्यात सपकन लागलं. डोळा लाल झाला, पाणी थांबेना. दवाखाना नळदुर्गला, आणि सुगीच्या दिवसांत माणूस नळदुर्गला नेणार कोण? अण्णांनी बाटली काढली. पण बाईमाणसाच्या डोळ्यात मध घालायचा तर पुरुषाचं बोट चालत नाही, कुवार पोरीचं लागतं, उजव्या हाताची अनामिका. ही आमच्याकडची रीत. घरात कुवार पोर मीच. रोज सकाळी मी गोठ्यातलं शेण काढायची, मग अण्णा हाक मारायचे. मी पहिल्या दिवशी रांजणाकडं गेले, तर ते ओरडले, "पाण्याला शिवू नको! पूस निस्तं." मी फ्रॉकला बोट पुसलं, बाटलीत बुडवलं, आणि आईचा डोळा दोन बोटांनी फाकवून आत फिरवलं. आई कळवळली. अण्णा म्हणाले, "आग व्हायली म्हंजी गुण यायलाय." मला केवढा अभिमान वाटला होता! शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरीचं बोट चांगलं आहे. मी रोज दोनदा घातला, आठ दिवस.

आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. आता जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. थंडीत मध गोठतो, बाटलीच्या तळाला पांढरा बसतो, हे आम्ही रोज बघत होतो. अण्णांनी ठिपका नीट निरखला आणि सांगितलं, मध डोळ्यात गोठलाय. कुणाला शंकासुद्धा आली नाही. मग तो पातळ व्हावा म्हणून आईला दोन दिवस अंगणात उन्हात बसवलं, तोंड वर करून. मी तिच्यासमोर बसून ठिपका बघत होते, पातळ होतोय का. तिसऱ्या दिवशी मामा आला, त्यानं तिला बळंच सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, जखमेत बुरशी गेली आहे, आठ दिवस आधी आणायला पाहिजे होतं. तो डोळा पांढराच राहिला. गावात सगळे म्हणाले, धाटानं डोळा गेला. अण्णा म्हणाले, धाटानं गेला. आणि मधाची बाटली होती तिथंच, कोनाड्यात राहिली.

आता सांगा, कसल्या आठवणींनी माझे डोळे भरून यावेत?

मी हैद्राबादला राहिले, लग्न केलं, कुकटपल्लीला फ्लॅट घेतला. इथं मधापासून सुटका होईल वाटलं होतं, पण कसली सुटका! आमच्या सोसायटीत चारशे दोनमध्ये राहणाऱ्या आंटी रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतात आणि सगळ्यांना घ्यायला लावतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जंगलातला मध विकायला आणतं. रॉ, अनफिल्टर्ड, नो प्रोसेसिंग. बरणीत पोळ्याचा तुकडा तरंगत असतो आणि बायका त्याला अय्यो, प्युअर म्हणतात. मला अनफिल्टर्ड म्हणजे काय ते माहीत आहे, मी फडक्याचं टोक धरलेलं आहे. गावाचा अडाणीपणा तरी फुकट होता, इथं त्याला लेबल लावलेलं आहे. मला दोन्हींचा सारखाच तिटकारा आहे. त्यामुळं मी गावची राहिले नाही आणि इथलीही धड झाले नाही. लिफ्टमध्ये आंटी "हनी तीसुकोंडी", मध घ्या, म्हणाल्या की मी हसते आणि घरी येऊन हात धुते.

लग्नानंतर नऊ वर्षांनी यंदा मला मुलगी झाली. बारशाला आई-अण्णा आले. अण्णांच्या पिशवीत पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती, आणि त्यात काय असणार हे मला दारातच कळलं. आईला मी आल्या आल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. उरलेल्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात आहे, दिवसातून दोनदा थेंब घालायचे, कायम. थेंब माझा नवरा घालायचा. मी बाळाचं कारण सांगायची, दूध पाजायचंय, शी काढायचीय. नवऱ्याला ते खरं वाटलं. आई मात्र दर वेळी मान वळवून मी कुठं आहे ते बघायची.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळ करून, टोपी घालून बाळाजवळ येऊन बसले. आईच्या बोटातली सोन्याची अंगठी त्यांनी मागून घेतली आणि बाटलीचं झाकण उघडलं. मी म्हणाले, अण्णा, वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नसतो, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. मधात जे जंतू झोपलेले असतात ते आपल्या पोटात झोपलेलेच राहतात, पण एवढ्याशा पोटात जागे होतात, बाळ लुळं पडू शकतं. माझं कामच ते आहे, मला माहीत आहे.

"तुला म्या जलमल्याबरोबर चाटवलाय. मेलीस का तू?" अण्णा म्हणाले.

मी अंगठी त्यांच्या हातातून काढून घेतली, बाटलीचं झाकण लावलं. इतकं झालं असतं आणि थांबलं असतं तर मी आज हे लिहीत नसते. पण अण्णांचा राग उतरायला दोन मिनिटं लागत नाहीत. त्यांनी बाळाची मूठ उघडली, ते तांदळाएवढं नख असलेलं बोट आपल्या चिमटीत धरलं आणि कौतुकानं म्हणाले, "ऱ्हाऊ दे, नगं चाटवू. पर ह्ये बोट बघ की. तुझंच बोट हाय. मोठी झाली की हिच्याबी हाताला गुण यील."

मी बाळ ओढून घेतलं, ते दचकून रडायला लागलं. आणि पंचवीस वर्षं जे गिळून बसले होते ते बाहेर पडलं. "कसला गुण, अण्णा? ह्याच बोटानं आईचा डोळा गेला. शेणाचं बोट होतं. मी धुवायला चालले होते, तुम्ही धुवू दिलं नाही. तो मध गोठला नव्हता, डोळा सडत होता, आणि आपण तिला उन्हात बसवलं!"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभा राहिला. आई पलंगावर बसली होती, ती जराही हलली नाही. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता त्यांचा चेहरा पडेल, आता ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "डोळा धाटानं गेला. सगळ्या गावाला ठावं हाय." आणि बाटली घेऊन, चपला घालून बाहेर गेले.

तासाभरानं परत आले तेव्हा चेहरा फुललेला. खाली बाकावर चारशे दोनवाल्या आंटी भेटल्या होत्या, त्यांना खोकला झाला होता. अण्णांना तेलुगू येत नाही, पण त्यांच्या दखनी हिंदीत त्यांनी सगळं समजावलं आणि बोटानं मध चाटवूनही आले. बाटली आंटींनाच दिली. दुपारी आंटींचा मला मेसेज, युवर फादर इज सो स्वीट, रिअल फॉरेस्ट हनी, आणि खाली हात जोडलेली तीन चित्रं. मी फोन उलटा ठेवला. माझा बाप असा आहे. तो बदलणार नाही, आणि त्याला कधी कळणारही नाही. त्या क्षणी मला त्याची जितकी शिसारी आली तितकी कधीच आली नव्हती. आणि तो सोफ्यावर बसून नातीसाठी टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी थेंबांची वेळ झाली. नवरा बारशाचं सामान आणायला गेला होता, अण्णाही बरोबर. मी म्हणाले, हे आले की घालतील. आई म्हणाली, "तूच घाल. जावयाफुडं डोळा ताणून पडायला मला कसंतरीच व्हतं."

मी म्हणाले, आई, सकाळी मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?

"ऐकलं की," ती म्हणाली. "ते आठ दिस तूच तेवढी माज्याजवळ बसायचीस. सुगीचं दिवस, कोण कुणाजवळ बसतंय? पयलं झोंबायचं, मग गार वाटायचं. तू फुंकर घालायचीस. लई बरं वाटायचं बघ."

मला वाटलं होतं ती रडेल. निदान शिवी तरी देईल. म्हणेल, पोरी, तू माझा डोळा घालवलास, पण तू लहान होतीस, जा, सोडलं. एवढं एकदा कुणीतरी म्हणावं म्हणून मी पंचवीस वर्षं हात धूत होते, हे मला तेव्हा समजलं. पण माफ करायला आधी चूक झाली असं वाटावं लागतं. तिला तसं वाटतच नाही. तिनं ते आठ दिवस चांगले दिवस म्हणून जपून ठेवले आहेत. बोट फिरत होतं, आत सगळं सडत होतं, आणि ती म्हणते लई बरं वाटायचं. मला तिच्या त्या समाधानाचाही उबग आला. तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

मी बेसिनवर गेले. कोपरापर्यंत साबण लावला, नखांत ब्रश फिरवला, कंपनीत करतो तसं सगळं केलं, आणि तरीही हात घाण वाटत होते. बाहेर आले तर आई उशी सरकवून आडवी झाली होती, उरलेला डोळा टक्क उघडा ठेवून. डॉक्टरांपुढं ती पापण्या मिटते, नवऱ्यापुढं मिटते, दोन-दोन थेंब गालावर वाया जातात. मी जवळ गेले. माझी अनामिका तिच्या खालच्या पापणीवर टेकली. तिनं पापणी हलवली नाही. थेंब बरोबर आत पडला.

त्या दिवसापासून दोन्ही वेळचे थेंब मीच घालते. आई गावी परत गेली नाही, अण्णा एकटेच गेले, त्यांना करमत नव्हतं. फोनवर मुलीची चौकशी करतात, मोहोळाच्या गोष्टी सांगतात. मी व्हय अण्णा म्हणते. गावाला जायची मला इच्छा नाही आणि नसेल तर नसेल, मी आता स्वतःला त्याबद्दल टोचून घेत नाही. तुमच्यातले बरेच जण विचारतात, घरची ओढ कशी नाही गं तुला? घरातलं माणूस माझ्या पलंगावर पडलेलं असतं, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, एकुलता एक डोळा माझ्यापुढं उघडा टाकून. ज्या बोटाची मला किळस येते त्याच्याकडं ती न मिटता बघत राहते, आणि मला रोज तिथं जाऊन उभं राहावं लागतं. घर म्हणून आता माझ्याकडं एवढंच आहे.